लाकडाचा धूर जाळणारा बंब : आपल्या शेडमध्ये कसा बांधावा आणि कुठे थांबावे

खानदेशचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. इथली थंडी मात्र बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि नेमक्या त्याच वेळी फजरच्या नमाजसाठी माणसे वुजूच्या नळापाशी उभी असतात. अनेक मस्जिदींच्या मागच्या अंगाला विटांची चूल आणि तिच्यावर लोखंडी पिंप अशी गरम पाण्याची सोय असते. पिंपाखाली ओली-सुकी लाकडे, भोवती धूर, आणि डोळे पुसत फुंकणीने जाळ करणारे मुअज्जिन साहेब किंवा खादिम. असाच देखावा रंगरेजाच्या हौदापाशी, खानावळीच्या मागच्या अंगणात आणि लग्नात देगा लावणाऱ्या बावर्चींच्या मांडवामागे दिसतो. लाकूड जळते ढीगभर आणि पाणी तापते थोडे.

आमचा धंदा फॅब्रिकेशनचा. जळगावातील आमच्या छोट्या शेडमध्ये एका मस्जिदीसाठी आम्ही लाकडाचा गॅस करून जाळणारा पाण्याचा बंब बांधला. परदेशात याला लाकूड-गॅसिफिकेशन बॉयलर म्हणतात. दोन हिवाळे तो चालला आहे. तो कसा बांधला हे या लेखात सांगत आहोत, आणि आम्ही कुठे चुकलो तेही सांगत आहोत. कारण हे काम वेल्डिंग येणाऱ्या कोणत्याही कारागिराला जमण्यासारखे आहे आणि म्हणूनच त्याच्याकडून त्याच चुका होऊ शकतात. त्यांपैकी एक चूक जीव घेणारी आहे.

धूर म्हणजे न जळालेले लाकूड

मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी मारून पुन्हा वातीवर येते. धूर जळतो, एवढे या प्रयोगावरून कळले तरी पुरे.

कोरड्या लाकडाचा वजनाने सुमारे चार पंचमांश भाग तापल्यावर गॅस आणि वाफ होऊन निघून जातो. कोळसा उरतो तो पाचवा हिस्सा. उघड्या चुलीत हा गॅस पिंपाच्या थंड बुडाला लागून विझतो आणि काजळी, डांबर व धूर होऊन निघून जातो. लाकडाचे पैसे दिले, त्यातला मोठा भाग धुराड्यातून आकाशात गेला. उघड्या चुलीवर पातेल्यापर्यंत पोचणारी उष्णता दहा-पंधरा टक्क्यांची असते; भांडे मोठे आणि चूल नीट बंदिस्त असली तर वीस टक्के धरावी.

आपल्या घरातला तांब्याचा बंब यापेक्षा शहाणा आहे. त्यात आग मधल्या नळीत आणि पाणी भोवती असते, त्यामुळे उष्णतेला पाण्यातूनच जावे लागते. पण बंबाचा जाळही वरच चढतो आणि मधल्या नळीत अर्धवट विझतो. सकाळी बंब पेटवला की गल्लीभर धूर होतो तो यामुळेच. आम्ही बांधलेल्या यंत्रात आग उलटी केलेली आहे. लाकूड वर आणि जाळ खाली. पंखा हवा ओढतो, लाकडातून निघालेला गॅस वर न जाता निखाऱ्यांच्या थरातून खाली खेचला जातो, अरुंद घशातून जाताना त्याला दुसरी ताजी गरम हवा मिळते, आणि खालच्या अग्निविटांच्या कोठ्यात तो हजार अंशांच्या आसपास निळसर-पिवळ्या ज्योतीने जळतो. सगळे जळून झाल्यावरच तो पाण्याच्या नळ्यांना भेटतो. ‘आधी पूर्ण जाळा, मग पाण्याला लावा’ हे या यंत्राचे सूत्र आहे.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील जॉर्ज इम्बर्ट यांनी १९२० च्या दशकात लाकडाच्या गॅसवर मोटार चालवण्याचे यंत्र बसवले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा एकट्या स्वीडनमध्ये सत्तर हजारांहून अधिक वाहने लाकूड व कोळशाच्या गॅसवर धावत होती. हिंदुस्थानातही त्या काळी मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसची टाकी जोडलेली असे. जुन्या माणसांनी त्या गाड्या पाहिल्या होत्या. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उसाचे पाचट आणि बगॅस यांवर चालणारा गॅसिफायर तयार करून कारखान्याच्या भट्टीवर चालवून पाहिला. इंजिनासाठी गॅस वापरायचा तर तो थंड करून, डांबर काढून स्वच्छ करावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांचे हात टेकतात. आपल्याला इंजिन चालवायचे नाही. गरम गॅस तिथल्या तिथे जाळायचा असल्यामुळे डांबरही जळून जाते. म्हणून लहान शेडमध्ये हे काम होऊ शकते.

बांधणी

वरचा कोठा ४०० बाय ४०० मि.मी. आणि उंची ५५०, सहा मि.मी. जाडीच्या लोखंडी पत्र्याचा. यात फोडलेले कोरडे लाकूड वीस-बावीस किलो बसते. लाकडाचे तुकडे एक फुटाचे, मनगटाएवढे जाड. कोठ्याच्या तळाशी घसा : अग्निमातीच्या कास्टेबलमध्ये ओतलेला ठोकळा, त्यात १५० मि.मी. लांब आणि ४० मि.मी. रुंद फट. फटीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या हवेची बारीक छिद्रे, आणि त्या छिद्रांकडे येणारी हवेची नळी मुद्दाम ठोकळ्याच्या अंगातून फिरवून आणलेली, म्हणजे हवा तापून येते. थंड हवा दिली की ज्योत विझते. खालचा कोठा सगळा अग्निविटांचा. तिथे लोखंड उघडे ठेवू नये. साधी वीट आणि सिमेंट तर मुळीच वापरू नये. पाच-सहाशे अंशांवर सिमेंटचा जीव जातो.

कास्टेबल ओतल्यावर एक दिवस ओले ठेवावे, मग चार-पाच दिवस रोज थोडा थोडा, आधी मूठभर काड्यांचा आणि मग थोडा मोठा, असा जाळ करून सुकवावे. आम्ही पहिल्या वेळी घाई केली. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ठोकळ्याची एक कड फटाक्यासारखी उडाली. आठ दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.

खालच्या कोठ्यातून गरम वायू मागच्या बाजूला उभ्या नळ्यांत जातो. दोन इंची बॉयलर ट्यूब, ९०० मि.मी. लांबीच्या, चौदा. प्रत्येक नळीत पत्र्याची पिळलेली पट्टी सोडली आहे. तिच्यामुळे वायू सरळ न पळता गिरक्या घेत जातो आणि उष्णता नळीला देतो. पट्टी काढून पाहिली तेव्हा धुराड्याचे तापमान ३०० अंशांच्या वर गेले, घातली तेव्हा १८० वर आले. धुराड्याला एक स्वस्तातला घड्याळी थर्मामीटर लावावा. तो यंत्राची नाडी आहे. २५० च्या वर गेला तर नळ्या काजळीने भरल्या आहेत असे समजावे. १२० च्या खाली राहिला तर धुराड्यात पाणी आणि आम्ल साचून पत्रा खाल्ला जाईल.

वरचा कोठा आणि नळ्या यांच्याभोवती पाण्याचे आवरण. सपाट पत्र्याच्या भिंतींना मधे मधे टाय म्हणजे आडवे दांडे वेल्ड करणे आवश्यक आहे. हिशेब करून पाहा : चार मीटर उंचीवर टाकी ठेवली तर दर चौरस सेंटीमीटरला ०.४ किलो दाब येतो. पन्नास बाय पन्नासच्या पत्र्यावर हा एकूण एक हजार किलो झाला. टाय नसतील तर पत्रा पोट काढतो.

वेल्डिंग झाल्यावर चाचणी पाण्यानेच करावी. कॉम्प्रेसरची हवा भरून साबणाचा फेस लावण्याची आपल्या लोकांना सवय आहे. टायरला ती ठीक, इथे नको. पाणी दबत नाही, म्हणून सांधा सुटला तर नुसते गळते. हवा दबलेली असते, सांधा सुटला तर पत्रा घेऊन उडते. आणि भंगारातून आणलेले पिंप या कामासाठी कापायचे असेल तर त्यात पूर्वी काय भरले होते ते कळल्याशिवाय कटर लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात थिनरची किंवा पेट्रोलची वाफ असते आणि पहिल्या ठिणगीलाच स्फोट होतो. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केले तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, हा अनुभव बऱ्याच वेल्डरांनी घेतलेला आहे.

फुंकणारा पंखा की ओढणारा

आमची पहिली मोठी चूक इथे झाली. लोहाराच्या भट्टीचा विजेचा ब्लोअर शेडमध्ये पडलेला होता, तो आम्ही हवेच्या तोंडाशी बसवला. यंत्र पेटले, घशातून गर्रकन् आवाज येऊ लागला, धुराड्यातून धूर दिसेना. आम्ही खूश झालो. जानेवारीची संध्याकाळ होती म्हणून शटर अर्धे ओढून घेतले होते. तासाभरात डोके जड झाले, मग शेडमधला पोरगा म्हणाला की त्याला मळमळते आहे, आणि तो भिंतीला टेकून बसला. थंडीने झाले असेल असे आम्हांला वाटले. धुराचा वास नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

त्याला बाहेर मोकळ्या हवेत नेल्यावर अर्ध्या तासात बरे वाटले. आमचेही डोके उतरले. तेव्हा लक्षात आले. लाकडाच्या गॅसमध्ये पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वजनाने तो हवेइतकाच असल्यामुळे तो छताकडे जाऊन झरोक्यातून निघून जाईल असेही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. ब्लोअर आत हवा ढकलत होता, म्हणून कोठ्यातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होता आणि झाकणाच्या, दाराच्या प्रत्येक फटीतून गॅस शेडमध्ये येत होता.

यावरचा उपाय म्हणजे पंखा धुराड्याच्या तोंडाशी लावून ओढायला लावणे. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. फट असली तर बाहेरची हवा आत जाते, आतला गॅस बाहेर येत नाही. पंखा लोखंडी पात्यांचा हवा आणि मोटार गरम वायूपासून दूर, लांब दांड्यावर असावी. खर्च जास्त येतो. तो करावाच. वीज गेली तर पंखा थांबतो, हवा बंद होते आणि आग आपोआप मंदावते, हा खानदेशातल्या लोडशेडिंगला पुरून उरणारा फायदा त्यात आहे. तरीही यंत्र उघड्या पडवीत ठेवावे. माणूस झोपतो त्या खोलीत किंवा तिच्या भिंतीला लागून ते ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखून भोंगा देणारी बॅटरीवरची छोटी यंत्रे बाजारात मिळतात. आमच्या शेडमध्ये आता एक टांगलेले आहे.

झाकणाबद्दलही इथेच सांगून टाकतो. जळत असताना वरचे झाकण एकदम उघडले तर आत साठलेल्या गॅसला हवा मिळते आणि जाळ तोंडावर येतो. आमच्या एकाच्या भुवया अशाच गेल्या. वरच्या कोठ्यातून थेट धुराड्याकडे जाणारी एक सुटकेची झडप ठेवावी. आधी ती उघडायची, अर्धा मिनिट थांबायचे, मग झाकण चेहरा बाजूला ठेवून बोटभर उचलायचे, आणि मग पूर्ण. पेटवतानाही हीच झडप उघडी ठेवून आधी काड्या आणि कोळसा यांचा वीतभर थर लाल करावा लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी लाकूड भरून झडप लावली की जाळ खाली वळतो.

श्वासनळीला खुंटी

मस्जिदीत बसवताना रचना अशी केली : यंत्र जमिनीवर, एक हजार लिटरची साठवण टाकी त्याच्यापेक्षा उंच मांडणीवर, मधे दोन इंची नळ. गरम पाणी आपोआप वर चढते, थंड खाली येते. पंप लागत नाही, म्हणून वीज गेली तरी पाणी फिरत राहते. टाकीच्या माथ्यावरून एक उघडी नळी वर नेऊन वाकवली. तिला आम्ही श्वासनळी म्हणतो. पाणी कधी उकळलेच तर वाफ तिच्यातून निघून जावी. थंड पाणी बॉल कॉकच्या छोट्या टाकीतून येते.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री तिथून निरोप आला की बंब ठोके मारतो आहे. आम्ही पोचण्याआधी मोहल्ल्यातले एक वयोवृद्ध चाचा तिथे पोचले होते. ते भुसावळच्या लोकोशेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्यांनी पंखा बंद केला, हवेची तोंडे लावली, वुजूखान्यातले गरम पाण्याचे सगळे नळ सोडले आणि सर्वांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभे केले. आगीवर पाणी टाकू दिले नाही. आम्ही गेलो तेव्हा ठोके थांबलेले होते.

दिवा धरून वर पाहिले, तर श्वासनळीच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली. नळीतून थेंब थेंब पाणी खाली चपलांवर पडत होते, म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने ती बसवली होती. त्याला दोष देता येत नाही. ही नळी कशासाठी आहे हे आम्ही कुणाला सांगितलेच नव्हते. आणि खरी चूक त्याहून मोठी, आमचीच. गरम पाणी उलटे छोट्या टाकीत जाऊ नये म्हणून आम्ही थंड पाण्याच्या नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला होता. एरवी खुंटी बसली तरी पाण्याला मागे सरकायला ती वाट होती. ती वाट आम्ही बंद केली, दुसरी खुंटीने बंद झाली, आणि पाणी तापवण्याच्या उघड्या भांड्याचा बंद बॉयलर झाला.

याचा अर्थ काय होतो तो आकड्यांत पाहा. दाब फक्त एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर चढला तर पन्नास बाय पन्नासच्या पत्र्यावर अडीच हजार किलोचा भार येतो. आणि बंद भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या वर तापलेले असताना पत्रा फाटला तर त्यातले काही पाणी क्षणात वाफ होते. एका लिटर पाण्याची वाफ सुमारे सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते. वुजूखान्याची भिंत अर्ध्या विटेची होती.

चाचांनी आम्हांला एवढेच विचारले, “भाप को बंद किस ने किया?” मग रेल्वे इंजिनाचे सांगितले. फायरबॉक्सच्या माथ्याला शिशाचा प्लग असे. पाणी कमी झाले तर शिसे वितळून वाफ आगीवर पडे आणि फायरमनला कळे. त्याशिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची काच, आणि ठरलेल्या मुदतीने तपासणी. एवढे असूनही ते म्हणाले की वाफेला पाठ दाखवायची नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो व्हॉल्व्ह कापून टाकला. गरम पाणी मागे चढू नये यासाठी थंड नळ खाली जमिनीपर्यंत वळसा देऊन आणला. तेवढ्याने काम होते. श्वासनळी दीड इंची केली आणि तिचे तोंड थंड पाण्याच्या छोट्या टाकीवर वाकवले, म्हणजे थेंब टाकीतच पडतात आणि कुणाच्या चपला भिजत नाहीत. तिच्यावर कोणताही कॉक नाही, आटे पाडलेले तोंड नाही. टोक तिरपे कापले आहे, त्यामुळे खुंटी बसतच नाही. शेजारी पत्र्यावर मराठी आणि उर्दूत लिहून लावले : ही नळी बंद केली तर बंब फुटेल.

कायदाही इथेच रेषा ओढतो. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. पंचवीस लिटरपेक्षा लहान भांडे, एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी दाब, किंवा शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणे, हे बॉयलरच्या व्याख्येबाहेर आहे. यापलीकडे दाबाची वाफ करायची झाली की आयबीआरचे नियम लागतात : मान्यताप्राप्त पत्रा, प्रमाणपत्र असलेला वेल्डर, बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी आणि तपासणी. आमच्याकडे धुळ्याचे एक सायझिंगवाले आले आणि अशीच उलटी आग लावून वाफेचा बॉयलर बनवून द्या म्हणाले. आम्ही नाही म्हटले. खळ शिजवायला आणि सिलिंडर तापवायला वाफच लागते हे खरे, पण तो बॉयलर घरच्या शेडमध्ये होत नाही. त्यांच्यासाठी मार्ग आहे तो नोंदणी असलेल्या बॉयलरच्या भट्टीकडे तयार गॅसिफायर जोडण्याचा, आणि तेही बॉयलर निरीक्षकाला विचारून.

लाकूड विकत घेता की पाणी

यंत्र कितीही चांगले असले तरी ओल्या लाकडावर ते रडते. पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे सुमारे ४४०० किलोकॅलरी असतात. वीस टक्के ओल असलेल्या लाकडातून ३४०० च्या आसपास हाती लागतात. चाळीस टक्के ओल असेल तर २४००. शंभर किलो ओले लाकूड घेतले तर चाळीस किलो पाण्याचे पैसे वखारीत दिले आणि ते पाणी उडवायला आणखी लाकूड जाळले.

आता मस्जिदीचा हिशेब. हजार लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला ४० हजार किलोकॅलरी लागतात. पिंपाखालच्या चुलीत पाचवा हिस्सा उपयोगी पडतो असे धरले तर कोरडे लाकूडही जवळजवळ साठ किलो जाळावे लागते. आमच्या यंत्रात तीन चतुर्थांश उपयोगी पडतो असे धरले तर सोळा किलो. तासाला सहा किलो जळते, म्हणजे अडीच-पावणेतीन तासांचे काम. आम्ही वजनकाटा लावून मोजले तेव्हा प्रत्यक्षात सोळा ते एकोणीस किलो लागले. लाकूड कसे होते त्यावर कमी-जास्त. साठ अंशांच्या हजार लिटरमध्ये तेवढेच थंड पाणी मिसळले की चाळीस अंशांचे दोन हजार लिटर होते. माणशी चार लिटर धरा, पाचशे नमाजींना पुरते. इशानंतर पेटवायचे, आग संपेपर्यंत जवळ माणूस बसवायचा. टाकीला जाड ग्लासवूल गुंडाळले आहे, त्यामुळे फजरला पाणी चार-पाच अंशच उतरलेले असते.

लाकडाचा भाव गावोगावी वेगळा आहे, म्हणून आम्ही रुपये लिहीत नाही. आपल्या वखारीचा दर लावून रोजच्या चाळीस किलोंचा फरक हिवाळ्याच्या नव्वद दिवसांना गुणून पाहावा. बांधणीचा खर्च किती हिवाळ्यांत सुटतो ते प्रत्येकाला आपले आपण कळेल. ज्याला रोज शंभर-दोनशे लिटरच पाणी लागते त्याने या भानगडीत पडू नये. त्याला सोलर किंवा साधा बंब पुरे.

खानदेशच्या उन्हाचा फायदा मात्र घ्यावा. बाभूळ, वेडी बाभूळ मार्चमध्ये फोडून, पावसाआधी मे अखेरपर्यंत उघड्यावर रचून ठेवली की आपल्या बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती जशी सुकते तशी युरोपात दोन वर्षांतही सुकत नसेल. ओळखायची खूण सोपी : दोन तुकडे एकमेकांवर आपटले की कोरड्याचा खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. आणखी खात्री हवी तर एका तुकड्यावर खडूने खूण करून दर आठवड्याला त्याचे वजन करावे. वजन घटायचे थांबले की तो सुकला.

पऱ्हाटीचे काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. कापसाच्या पऱ्हाट्या शेतात जाळून टाकतात हे पाहून आमचाही जीव तुटतो. पण तशाच कोंबल्या तर कोठ्यात त्यांची कमान धरते, खालच्या जळून जातात आणि वरच्या खाली पडतच नाहीत, गॅस तुटतो. बारीक तोडून बाभळीत एक तृतीयांश मिसळल्या तर चालतात. पांढरा कोळसा म्हणजे भुशाचे दाबलेले ठोकळे चालतात, पण ते मोडलेले नसावेत. चुरा घशात बसतो. प्लायवूड, रंगवलेले लाकूड, प्लास्टिक, रबर यांना हात लावू नये. मालेगावात सायझिंगच्या भट्ट्यांत प्लास्टिक-रबर जाळण्यावरून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कारवाया झालेल्या आपण वाचल्या आहेत. त्या धुराचा त्रास सर्वांत आधी त्याच मोहल्ल्यातल्या लहान मुलांना होतो.

परत येणारे थंड पाणी हा शेवटचा शत्रू. यंत्रातले पाणी साठ अंशांच्या खाली राहिले तर वरच्या कोठ्याच्या भिंतीवर आम्लयुक्त काळे डांबर ओघळते आणि सहा मि.मी.चा पत्राही काही वर्षांत चाळण होतो. सुरुवातीला टाकीचा नळ कमी उघडून यंत्र आधी स्वतः तापू द्यावे, मग पूर्ण उघडावा. हे तापमानावर आपोआप करणारा व्हॉल्व्ह मिळतो. आम्ही पहिल्या वर्षी तो वाचवला, दुसऱ्या वर्षी लावला. नळ्यांतून आठवड्याला एकदा तारेचा ब्रश फिरवायचा, राख दर दोन दिवसांनी काढायची. हे काम आता खादिम करतात.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी घशाच्या फटीला बोटभर रुंद चीर पडलेली दिसली. एवढ्या उष्णतेत ती पडणारच. हा ठोकळा झिजणारा भाग आहे असे धरूनच तो चार बोल्ट काढून बदलता येईल असा बसवावा. आम्ही नवा ओतला आहे. या वेळी फटीचा लाकडी साचा एकसंध न करता पाचरीसारखा दोन तुकड्यांचा केला आणि त्याला ग्रीस लावले, त्यामुळे साचा काढताना कड तुटली नाही. सध्या तो शेडच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली आहे. त्याला लहान जाळाने सुकवण्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.